खाणपट्ट्यातले मुके रस्ते: पूर्व गोव्यात सायकलने फिरायचे तर

भरलेला टिप्पर नदीकडे जातो आणि रिकामा डोंगराकडे. गोव्याच्या खाणपट्ट्यात सायकल घेऊन उतरणाऱ्याने आधी एवढे लक्षात ठेवावे, बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातून सुटतात. खाणीतले लोहखनिज टिप्परने मांडवी किंवा झुआरीच्या काठावरच्या जेटीपर्यंत येते आणि तिथून बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीतून, मुरगाव बंदराकडे जाते. रस्त्याची जेटीकडे जाणारी बाजू त्या वजनाने खचलेली असते, तिच्यात चाकोऱ्या पडलेल्या असतात. डोंगराकडे जाणारी बाजू त्या मानाने धड असते. अनोळखी तिठ्यावर उभे राहिलात तर नुसत्या डांबराकडे बघून खाण कुठल्या अंगाला आहे ते ओळखता येते.

हा पट्टा म्हणजे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे हे तालुके. पोर्तुगीज राजवटीत इथे खाणींची कन्सेशने, म्हणजे खोदकामाचे हक्क, वाटली गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात वाढत गेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे त्या काही काळ चालल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे (खोदकामाच्या भाडेकरारांचे) नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खोदकाम पुन्हा बंद पडले. नंतर लिलाव झाले आणि २०२४ पासून काही ठिकाणी काम परत सुरू झाले आहे. नवख्याची फसगत इथेच होते. ‘खाणी बंद आहेत’ असे कुणीतरी सांगितलेले असते, आणि रस्त्यावर समोरून एकामागून एक दहा टिप्पर येतात. जुन्या साठवलेल्या खनिजाची वाहतूक खोदकाम बंद असतानाही होत राहते. गेल्या वर्षी ओस पडलेला रस्ता यंदाही तसाच असेल, हे गृहीत धरून निघू नका.

रस्ता कोणासाठी बांधला, ते आधी बघा

नकाशावर सगळे रस्ते सारखेच दिसतात. सायकलवाल्याने प्रत्येक रस्त्याला एकच प्रश्न विचारायचा: तू कोणासाठी?

रुंद, सरळ आणि सावलीचे एकही झाड नसलेला रस्ता गावांना बगल देत जात असेल तर तो टिप्परसाठी बांधलेला आहे. खनिज निघत नसेल तेव्हा हे रस्ते सुनसान असतात, म्हणून मोह होतो. पण त्यांच्या कडांना सांडलेल्या खनिजाचे बारीक खडे साठतात आणि कोरड्या दिवसांत ते टायरखाली छर्‍यांसारखे घरंगळतात. अशा रस्त्यावर वळण घेताना कडेला जाऊ नका, टायरांनी झाडून साफ केलेल्या पट्ट्यातच राहा.

दुसरे म्हणजे राज्याबाहेर जाणारे घाट, चोर्ला आणि अनमोड. दोन्ही देखणे आहेत आणि दोन्हींवर बेळगावकडची आंतरराज्य वाहतूक आहे. समाजमाध्यमांवर चोर्ल्याचे फोटो बघून पहिल्याच खेपेला तिकडे निघणारे पुष्कळ असतात. शांत सायकलिंग हवे असेल तर हे दोन्ही घाट सोडून द्या.

तिसरे गावाला गाव जोडणारे रस्ते. अरुंद, कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडेने जाणारे, व्हाळावरच्या (ओढ्यावरच्या) लहान पुलांचे. हे चांगले, फक्त शाळेच्या आणि बसच्या वेळा सांभाळा.

सगळ्यांत उत्तम ते मुके रस्ते, म्हणजे पुढे कुठेच न जाणारे. डांबर जंगलाशी, देवळाशी किंवा शेवटच्या वाड्याशी संपते. पलीकडे वाट नाही, म्हणजे घाईत निघालेली गाडीही नाही. दिवसाकाठी दोन-चार बस, दूधवाला, काजूच्या दिवसांत एखादी जीप, एवढीच वर्दळ. वाळपईहून उस्त्याकडे किंवा चरावण्याकडे, मोल्याहून तांबडी सुर्लाकडे, नेत्रावळीहून वेर्ल्याकडे जाणारे रस्ते याच जातीचे. त्याच वाटेने परत यावे लागते म्हणून लोक कुरकुरतात. पण चढताना पाहिलेला रस्ता आणि उतरताना पाहिलेला रस्ता वेगळे वाटतात, आणि कुठला खड्डा कुठे आहे हे उतरताना माहीत असते. नवख्याला हा फायदा थोडाथोडका नाही.

मुका रस्ता घरी बसून शोधता येतो. नकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाका. तांबडा-तपकिरी, पायऱ्यापायऱ्यांचा उघडा डाग म्हणजे खाण. त्यातला हिरवा-निळा ठिपका म्हणजे पाणी साठलेला खंदक. त्या डागापासून नदीपर्यंत जाणारा रुंद रस्ता खोडून टाका. उरलेल्यांत हिरव्यात शिरून संपणारे रस्ते निवडा. चित्र किती जुने आहे तेही बघा, दोन वर्षांत डाग सरकतो. शेवटची खात्री मात्र तिठ्यावरच्या गाड्यावर करायची. चहा घेता घेता विचारा, “ह्या रस्त्यान टिप्पर वतात?” (या रस्त्याने टिप्पर जातात का?) गाडेवाल्याला वेळही ठाऊक असते आणि जेटीही. रविवारी वाहतूक सहसा कमी असते.

सायकल: गिअर आधी, बाकी नंतर

इथले चढ लांब नसतात, पण छातीवर येतात. शंभर मीटर चढायचे, खाली व्हाळ ओलांडायचा, पुन्हा ऐंशी मीटर चढायचे, असे दिवसभर. म्हणून सर्वांत हलका गिअर एकास एक किंवा त्याहून हलका हवा. पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगचे (पायडलजवळच्या दातेरी चकतीचे) दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीइतके किंवा त्याहून कमी असले पाहिजेत. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर चालेल. पुढे २२ आणि मागे ३२ असेल तर सामान लादूनही बसल्या बसल्या चढता येते.

हिशेब साधा आहे. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरा. एकास एक गिअरवर पायडल मिनिटाला ६० फेऱ्या मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर येतो. दहा टक्क्यांच्या चढावर सामानासह नवख्याला जेमतेम झेपणारा वेग हाच. पुढे ५० आणि मागे २५ अशी शहरी सायकल असेल तर याच वेगासाठी पायडल मिनिटाला ३० फेऱ्यांवर येतात आणि प्रत्येक फेरीचा भार गुडघ्याच्या वाटीवर पडतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा दुखला तर वयाला दोष देऊ नका, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदला.

टायर ७०० च्या चाकावर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे, किंवा २६ अथवा २७.५ इंची चाकावर १.७५ ते २ इंचाचे घ्या. पंचाहत्तर किलोचा माणूस आणि मागे सामान असेल तर ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ५० ते ५५ आणि पुढे ४० ते ४५ पीएसआय हवा ठेवा. ओल्या डांबरावर किंवा मुरमावर दोन्हीकडे पाच-पाचने उतरवा. ‘हवा टाइट असली की सायकल पळते’ हा समज गुळगुळीत रस्त्यापुरता खरा आहे. खडीवर टाइट टायर उसळतो आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते. मडगार्ड लावणार असाल तर टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट हवी. नाहीतर तांबडी माती तिथे थापली जाते, सुकते आणि चाक जागच्या जागी अडकते.

सोबत दोन ट्यूब, सहा पॅच, सोल्यूशन, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेन तोडायचे अवजार आणि आपल्या चेनला बसणारी एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. सत्तरीच्या खेड्यात स्कूटरचे पंक्चर काढणारा भेटेल, तो तुमच्या ट्यूबला पॅचही मारून देईल. पण ७०० ची ट्यूब त्याच्याकडे नसते आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचा पाइप बसत नाही. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हवर चढवून ठेवलात तर ती अडचण सुटते. गिअरची एक वायर सुटी ठेवली तर उत्तम.

दोन-तीन दिवसांसाठी मागच्या दोन पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये) मिळून आठ ते दहा किलो पुरे. जड वस्तू तळाशी आणि एक्सलच्या जवळ ठेवा. सगळे वजन कॅरिअरच्या माथ्यावर बांधलेत तर तीव्र चढावर पुढचे चाक हलके होऊन डावी-उजवीकडे भरकटते.

कधी निघायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रान हिरवे असते, पण दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने गडगडत सर येऊ शकते. मार्च ते मे काजू पिकतात, रानभर बोंडांचा वास सुटतो, आणि दमट उकाड्याने माणूस अर्ध्यातच गळतो. त्या दिवसांत वणवेही लागतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात मोठ्या आगी लागल्या होत्या. जून ते सप्टेंबर नवख्याने डोंगराकडे जाऊ नये. शेवाळलेले डांबर, रस्त्यावरून वाहणारा व्हाळ आणि खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून धुऊन आलेला तांबडा गाळ या तिन्हींचा अंदाज यायला एक-दोन पावसाळे सपाटीवर काढावे लागतात.

दिवसाचा हिशेब असा मांडा: सपाटीवर ताशी १५ किलोमीटर, शिवाय चढाच्या प्रत्येक १०० मीटरला १२ मिनिटे. ६० किलोमीटर आणि ८०० मीटर चढ असेल तर चार तास अधिक सुमारे दीड तास, म्हणजे सायकल चालवण्याचेच साडेपाच तास. त्यात खाणे, देऊळ, पंक्चर असे दोन तास घाला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या पूर्व कुशीत साडेपाचलाच अंधारून येते आणि गवे रस्त्यावर यायची वेळही तीच. चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचे तर उशिरात उशिरा साडेआठला निघायला हवे, आणि हाताशी वेळ ठेवायचा तर उजाडताच.

उजाडताच निघण्याचे आणखी एक कारण वारा. कोरड्या ऋतूत सकाळी वारा मंद असतो, दुपारी समुद्राकडून जोर धरतो. पश्चिमेकडे परतताना तो समोरून येतो. झाडीत जाणवत नाही, पण दिवाडीच्या उघड्या शेतांत शेवटचे पाच किलोमीटर दहासारखे वाटतात.

पहिला मार्ग: जुने गोवे, दिवाडी, नार्वे, मये

पाय आणि सायकल दोन्ही तपासायला हा मार्ग योग्य. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर उतरा, शेतांतून बेट ओलांडा आणि दुसऱ्या फेरीने नार्व्याला जा. तिथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेले. पुढे उंच-सखल रस्त्याने मयेच्या तळ्यापर्यंत. एका बाजूने पंधरा-अठरा किलोमीटर होतात.

फेरीवर चढताना आणि उतरताना सायकलवरून खाली उतरा. लोखंडी फळी ओली असते, ओहोटीला तिचा उतार वाढतो आणि कडेला शेवाळ असते. आधी मोटारी जाऊ द्या, मग स्कूटर, मग तुम्ही.

मयेच्या आसपास आणि डिचोलीकडे खाणीचा मुलूख पहिल्यांदा नीट दिसतो. नैसर्गिक डोंगराचा माथा गोलसर असतो आणि झाडी मिसळीची. माथा सपाट, अंगाला पायऱ्या आणि त्यांवर एकजात ऑस्ट्रेलियन अकेशिया किंवा काजू दिसला तर तो डोंगर नसून डंप आहे, म्हणजे खनिज काढताना उपसलेल्या टाकाऊ मातीचा ढिगारा. एकदा नजर बसली की पुढे सांग्यापर्यंत तुम्ही डंप मोजत जाल. डिचोलीहून साखळीला गेलात तर जवळच हरवळ्याची लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली. पण त्या मधल्या सात-आठ किलोमीटरला बाजाराची वर्दळ आहे. गर्दीचा कंटाळा असेल तर मयेहूनच परत फिरा.

दुसरा मार्ग: कुळे ते तांबडी सुर्ला

सह्याद्रीच्या पायथ्याशी रेल्वेने पोहोचण्याचा सोपा उपाय म्हणजे वास्को-कुळे मार्ग. वाटेत मडगाव, चांदर, सावर्डे-कुडचडे, काले ही स्टेशने लागतात. गाडीत सायकल नेण्याबाबत आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा, कारण पार्सलची सोय प्रत्येक लहान स्टेशनावर नसते. दोन्ही चाके काढून, फ्रेमला बांधून, मोठ्या पिशवीत घातलेली सायकल सामान म्हणून नेताना वाद कमी होतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला; नाहीतर चुकून लिव्हर दाबला जातो, पॅड चिकटतात आणि कुळ्याच्या फलाटावर डिस्क आत शिरत नाही.

कुळ्याहून मोले पाचेक किलोमीटर. दूधसागरच्या जीप चालू असतील त्या दिवसांत शनिवार-रविवारची सकाळ इथे गजबजलेली असते, म्हणून मधला वार निवडा. मोल्याला राष्ट्रीय महामार्ग ओलांडावा लागतो. उतारावरून येणारे ट्रक वेगात असतात, तिथे सायकल हातात धरूनच पलीकडे जा. तिथून तांबडी सुर्लापर्यंत बाराएक किलोमीटर, बराचसा सावलीतून.

शेवटी महादेवाचे काळ्या बेसाल्टचे लहानसे देऊळ आहे, बारा-तेराव्या शतकातले. आजूबाजूला सगळा जांभा असताना हा दगड इथे आला कुठून, असा प्रश्न पडतो. तो घाटमाथ्याकडून आणला असावा असे मानतात. देवळाजवळच्या नदीत पाय बुडवा, पण पाणी बाटलीत भरू नका. मोले सोडल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

तिसरा: सांगे, नेत्रावळी, रिवण, दोन दिवसांत

कुडचडे, सांगे, साळावली धरण, नेत्रावळी, रिवण, जांबावली आणि परत कुडचडे असे साठ ते सत्तर किलोमीटरचे वर्तुळ होते. जोरकस माणूस ते एका दिवसात संपवील. मग त्याला काहीच दिसणार नाही. नेत्रावळी परिसरात घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, खोली आधी ठरवून जा.

कुडचडे ते सांगे हा सगळ्यांत वर्दळीचा तुकडा, तो सकाळी आठच्या आत संपवा. साळावलीला बदकाच्या चोचीच्या आकाराचा सांडवा आहे. या जलाशयाखाली कुर्डी गाव गेले, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. कुर्डीतले महादेवाचे जुने देऊळ दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले आहे. मे महिन्यात पाणी उतरले की गावाच्या खुणा वर येतात, पण त्या उन्हात सायकलने जाण्याचा सल्ला देता येत नाही.

नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाच्या तळ्यात तळातून बुडबुडे येत राहतात, त्याला बुडबुड्यांची तळी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान खोलीवर ठेवून वेर्ल्याचा चढ करा. या संपूर्ण पट्ट्यातला सगळ्यांत कस काढणारा रस्ता हाच. काही वळणे इतकी उभी आहेत की उतरून ढकलावे लागले तर त्यात लाज नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या नाक्यावर नोंद, शुल्क आणि बाहेर पडण्याची वेळ विचारून घ्या.

रिवणच्या बाजूला आलात की कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळची कातळशिल्पे बघायला वेळ ठेवा. जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणे, मोर आणि एक चक्रव्यूहासारखी गोल आकृती कोरलेली आहे. १९९३ मध्ये ती अभ्यासकांपुढे आली. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात बघा. डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसतच नाहीत. बूट काढा, सायकलच्या बुटाच्या तळाची क्लीट (पायडलला अडकणारा खटका) कातळावर ओरखडा पाडते. लोखंडासाठी आणि मँगनीजसाठी पोखरलेल्या या मुलखात माणसाने दगडाला पहिल्यांदा हत्यार लावले ते चित्र काढायला, असे तिथे उभे राहिल्यावर वाटून जाते.

चढताना, उतरताना

चढाच्या तळाशी पोहोचण्याआधीच गिअर हलका करा. पायडलवर पूर्ण जोर असताना गिअर पाडला तर चेन दातांवरून निसटते आणि कधी कधी चकती व स्पोकच्या मध्ये जाऊन रुतते. श्वास इतपत ठेवा की शेजाऱ्याशी अर्धे वाक्य बोलता यावे.

उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात सोडून द्या. पुढचा ब्रेक थांबवण्याचे बहुतेक काम करतो, पण खडीवर तो जोराने दाबला की पुढचे चाक घसरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. रिम ब्रेक असतील तर सतत धरून न ठेवता दाबा-सोडा करा, रिम तापून ट्यूब फुटू शकते.

मागून टिप्परचा आवाज आला तर शर्यत लावू नका. डावीकडे धड जागा बघून रस्त्यावरून खाली उतरा, तोंडावर रुमाल घ्या, धूळ बसेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. पहिल्यामागे दुसरा असतो आणि त्याच्या चालकाला पहिल्याच्या धुळीत तुम्ही दिसत नसता. अपघात होतात ते बहुधा या दुसऱ्याखाली.

तांबडी भुकटी आणि चेन

किनाऱ्यावर सायकल मिठाने गंजते, इथे ती खनिजाने घासली जाते. लोहखनिजाची भुकटी म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. याच जातीची तांबडी पूड सोनार झिलईला वापरतात. सोन्याला चमक आणणारी ती पूड तेलात कालवून चेनच्या पिनांमध्ये गेली की दर फेरीला पोलाद खाते. तेल जितके जास्त तितका तिचा लगदा दाट. स्कूटरचे इंजिन ऑइल चेनवर ओतणारे नेमकी हीच चूक करतात.

रोज संध्याकाळी दहा मिनिटे काढा:

१. कोरड्या फडक्यात चेन चिमटीत धरून पायडल उलटे ३० फेरे फिरवा. फडक्याची जागा बदलत राहा.

२. मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) दोन लहान चाकांवर काळा-तांबडा लेप चढलेला असतो, तो काडीने खरवडा. बहुतेक जण हेच विसरतात आणि पुसलेली चेन लगेच पुन्हा माखते.

३. प्रत्येक कडीच्या रोलरवर चेन ल्यूबचा एकच थेंब सोडा. कोरड्या दिवसांत ड्राय, पावसात वेट. डिस्कवर शिंतोडा उडू देऊ नका.

४. पंधरा मिनिटांनी बाहेरचे सगळे तेल पुसून काढा. काम आतल्या तेलाचे आहे, बाहेरचे फक्त धूळ गोळा करते.

५. ब्रेक पॅड बघा. डिस्कचे पॅड एक मिलिमीटरपेक्षा पातळ झाले असतील तर बदला. रिम ब्रेकमधून खरखर येत असेल तर पॅडमध्ये रुतलेले खडे चाकूच्या टोकाने उकरून काढा, नाहीतर दोन दिवसांत रिमला चरे पडतात.

चेन झिजली का ते साध्या इंची पट्टीने कळते. शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर ठेवा. बारा इंचांच्या खुणेवरही पिनेचा मध्य यायला हवा. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर नवी चेन जुन्या कॅसेटवर घसरेल, तेव्हा दोन्हींचा खर्च धरा. सायकल धुताना स्कूटर सर्व्हिसिंगच्या प्रेशर पाइपखाली धरू नका. त्या जोराने माती चाकाच्या हबच्या आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये शिरते. बादली आणि मग पुरे.

पाणी आणि पोट

तासाला पाऊण लिटर पाणी धरा आणि निघताना अडीच ते तीन लिटर घ्या. दर दोन तासांनी ओआरएस. एका लिटरचे पाकीट एका लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका, त्याने मळमळ होते. दुपारी एक ते चार खेड्यांतली दुकाने बंद असतात आणि कितीही दार वाजवले तरी उघडत नाहीत. म्हणून साडेबाराच्या आत पाणी, केळी आणि संध्याकाळचे जे हवे ते घेऊन ठेवा. सकाळी गाड्यावर पातळ भाजी-पाव आणि एखादा बन खाल्ला तर दोन तास चालतो. मिरची दुसऱ्याला द्या, पुढे चढ आहे.

शिरू नये अशा जागा

पाणी साठलेला खंदक वरून तळ्यासारखा शांत दिसतो. त्याच्या कडा पायऱ्यांनी कापलेल्या असतात, एका पावलावर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलावर थेट खोल. वरचा जांभा खालून पोखरलेला असतो आणि माणसाच्या वजनाने सुटतो. पोहायला, फोटोला किंवा बाटली भरायला तिथे उतरू नका. लीजच्या फाटकावर पहारेकरी नसला तरी आतला रस्ता तुमचा नाही.

सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो, आणि धोका कोरड्या महिन्यांत जास्त. विश्रांतीला पाचोळ्यात बसण्यापेक्षा पुलाच्या कठड्यावर बसा, मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत हात फिरवून बघा. पुढच्या आठवड्याभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीत फिरून आल्याचे आपणहून सांगा.

कुत्रे मागे लागले तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत जा, पळणारे चाक थांबले की बहुतेकांचा उत्साह संपतो. गवा रस्त्यात उभा असेल तर घंटी वाजवू नका. पन्नास पावले मागे सरा आणि तो जाईपर्यंत थांबा, मग त्यात वीस मिनिटे गेली तरी जाऊ द्या. अपघात झाला तर १०८ वर फोन. जागा सांगताना जवळच्या देवळाचे किंवा शाळेचे नाव द्या, रस्त्याचे नाव तिथे कुणाला माहीत नसते.